घरधनिणीचे नाव सातबाऱ्यावर यावे

महोदय,

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाचा दिवस पहाटे गोठ्यापासून सुरू होतो, आणि त्या दिवसाचा मोठा भार घरातील बाईच वाहते. शेण काढणे, धारा, चूल, खुरपणी हे तर सर्वांना दिसते. पण पुढच्या हंगामासाठी वाल-घेवड्याचे बी निवडून, राखेत घोळून गाडग्यात जपणारी आमच्याकडची माणसे म्हणजे आजी आणि आई, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. दूध डेअरीवर घालायला बहुधा तीच जाते, मात्र खाते नवऱ्याच्या नावावर असते.

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे. एवढ्याशा रानावर घर चालते ते घरच्यांच्या कष्टावर, म्हणून त्या कष्टांची नोंद कागदावर असणे मला अत्यावश्यक वाटते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. पत्नीला मात्र पती हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीत तसा हक्क नाही. पती स्वेच्छेने तिचे नाव सहधारक म्हणून लावू शकतो, आणि त्यासाठी राज्यात लक्ष्मीमुक्ती योजनाही आहे. तरीही आमच्या भागात ती अनेकांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असलेलेही ‘घरातलंच तर आहे’ म्हणून टाळतात. पती अकाली गेला की हीच बाई वारसनोंदीसाठी हेलपाटे घालते आणि पेरणीच्या तोंडावर पीककर्ज अडते.

तलाठ्यांनी गावसभेत या योजनेची माहिती द्यावी व अर्ज तिथेच भरून घ्यावेत, ही विनंती.

– एक शेतकरी, सिन्नर (जि. नाशिक)