तासिकेवरच्या संशोधकांचं वेळापत्रक: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
स.न.वि.वि.

मंगळवारी माझे तास नसतात. त्या दिवशी सातची एसटी पकडून मी पुण्याला सरकारी दफ्तरखान्यात जाते. चिठ्ठी भरायची आणि रुमाल यायची वाट बघायची. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला मोडी कागदांचा गठ्ठा. मला अठराव्या शतकातल्या जकात नाक्यांचे कागद हवे असतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हेच आधी लावावं लागतं. घाई चालत नाही. हात बसलेला असला तर दिवसात सात-आठ कागद होतात. साडेचारला मात्र उठावंच लागतं, कारण बुधवारी सकाळी साडेसातला एस.वाय.चा तास.

मी एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. आठवड्याला नऊ तास, तासाला नऊशे रुपये. कागदावर महिना बत्तीस हजारांच्या आसपास होतो, आणि लोकांना तो बराही वाटतो. पण नेमणुकीचं पत्र येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग या काळात तास होत नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. झालेल्या तासांचं बिल ‘वर गेलंय’ एवढंच उत्तर कित्येक महिने मिळतं. एप्रिलनंतर तर काहीच नाही. प्रबंध लिहायला खरा निवांतपणा उन्हाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच मी शिकवण्या धरते.

पैशांबद्दल आपल्याकडे बरीच निवेदनं आली असतील. मला एका कागदाबद्दल बोलायचंय.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी.ची वाट मोकळी आहे. अट एवढीच की जिथे नोकरी आहे तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, त्यात अभ्यासाला पुरेसा वेळ देऊ, असं लिहिलेलं हवं. मी अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारी कुठे आहात? तासिकेवर आहात. मी कशी देऊ एनओसी?” माणूस चांगला आहे, चहाही पाजला. नियमावर बोट ठेवलं तर त्यांचंही चुकत नव्हतं.

मग नोंदणी केली पूर्णवेळ. आता दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडताना एक प्रश्न ठरलेला: “पूर्णवेळ आहात ना, मग एकच प्रकरण कसं?” म्हणजे कॉलेजच्या लेखी मी नोकरीत नाही आणि समितीच्या लेखी मला दुसरं काही कामच नाही. फेलोशिप घ्यावी, तर दुसरीकडून पगार घेता येत नाही. ती अट मला पटते. पण फेलोशिप सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळणाऱ्यांनाही थकलेल्या हप्त्यांसाठी आंदोलनाला बसावं लागलं आहे.

प्रबंधाला सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, बायकांना त्याहून दोन. मुदत आहे, नाही असं नाही. आठवड्यातला एक मंगळवार दहा वर्षं पुरवायचा, असा त्याचा हिशेब होतो.

एक शासन निर्णय काढा. तासिकेवरच्या प्राध्यापकाला नेमणुकीच्या काळात ना-हरकत प्रमाणपत्र द्यायला कॉलेज बांधील राहील, एवढं त्यात लिहा. संशोधन करणाऱ्याचे नऊ तास सलग तीन दिवसांत बसवायचे, ही एक ओळही घाला. वेळापत्रक लावणाऱ्याला थोडी डोकेफोड होईल, तिजोरीतून रुपयाही जाणार नाही. झालेल्या तासांचे पैसे पुढच्या महिन्यात मिळावेत, हे तर सांगायलाच नको. आणि फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झालाय, त्यामुळे शनिवारी दफ्तरं बंद. ते खातं आपल्याकडे नाही, सांस्कृतिक कार्यकडे आहे, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेजारी बसणाऱ्यांच्या कानावर घालता येईल. महिन्यातला एक शनिवार उघडा मिळाला तरी माझे आठ कागद वाढतील.

येत्या मंगळवारी मागचा अर्धवट राहिलेला रुमाल पुन्हा सोडायचा होता. त्या दिवशी कॉलेजात नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींसाठी बैठक लावली आहे. बैठकीचा तास धरत नाहीत.

आपली,
तासिकेवरची एक संशोधक