डावी बाजू तुझी

प्रिय बंड्या,

फोनवर तू घाईत होता, आणि ही गोष्ट घाईत सांगायची नाही, म्हणून पत्र. पोळा झाला. पाऊस अजून काही जायचं नाव घेत नाही, बागेत चिखल, फवारणी अडून बसली. म्हणजे बसून लिहायला वेळच वेळ.

पोळ्याला भाचा आला होता नागपूरहून. लॅपटॉप आणि सोबत एक हँडलवाली पेटी, आपल्या दुकानातल्यासारखीच, सहा बटनांची. त्यानं ‘स्ट्रीट फायटर टू’, आपला तो मारामारीचा व्हिडिओ गेम, लावला, आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला, “हदोकेन!” आपण ‘आडूगेन’ म्हणत होतो तोच. मी हातातला चहा ठेवून उठलो, लेका. आई म्हणे, “काय झालं बे, साप निघाला का?”

वरुडच्या स्टँडजवळचं ते दुकान आठवते ना? पत्र्याचं, दारावर गोणपाटाचा पडदा. रुपयात एक चान्स. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली की चान्सही गेला, मालक कधी पैसे परत देत नव्हता. “करंट पाहिजे तर ब्लांकाले माग,” असं, म्हणजे गेममधल्या त्या अंगातून करंट सोडणाऱ्या गड्याला, तूच एकदा त्याला म्हणाला होता, आणि आपल्याला आठ दिवस बंदी झाली होती.

भाचा विचारे, “मामा, यात एवढं काय होतं? नुसतं डावं-उजवं.” मी त्याला म्हटलं, बापा, तेच तर आहे. धुऱ्यावर दोन माणसं समोरासमोर आली की कसं होते? बाजूला सरकायला जागा नाही, दोन्हीकडे पऱ्हाटी. एकतर मागं सर, नाहीतर अंगावर ये, नाहीतर डोक्यावरून उडी मार. यापलीकडे चौथी गोष्ट नाही. आणि उडी एकदा मारली की मारली. हवेत वळता येत नाही. जिथं पडायचं तिथंच पडशील, हे समोरच्याला आधीच दिसते.

र्‍यूवाले त्यावरच जगत होते. तो गेममधला कराटेवाला लांबून ‘हदोकेन’चा एक गोळा सोडायचा. समोरचा कंटाळून उडी मारतो. तो खाली येईपर्यंत र्‍यू खाली वाट पाहात उभा, ‘शोर्‍यूकेन’ची वरची ठोस तयार ठेवून. गोळा मारायसाठी नसतोच, उडी मारायला लावण्यासाठी असतो. हे कळायला मला किती रुपये लागले ते बाबांना अजून माहीत नाही. वेचणीचे पैसे होते ते.

भाच्यानं नेटवर पाहून काय काय सांगितलं. 1991 साली जपानच्या कॅपकॉमनं हा काढला. एकामागोमाग ठोसे जोडून मारतात ना, कॉम्बो, तो म्हणे कोणी ठरवून ठेवलेलाच नव्हता. गाडी फोडायची ती बोनस फेरी तपासताना बनवणाऱ्यांच्याच लक्षात आलं, की बटन नेमक्या वेळी दाबलं तर एक ठोसा जास्तीचा बसतो. राहू दिलं तसंच. आज मारामारीचे बहुतेक गेम त्यावरच उभे आहेत. मग त्यानं 2004 चा अमेरिकेतल्या इव्हो या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेचा व्हिडिओ दाखवला, याच खानदानातल्या पुढच्या गेमचा. दाइगो उमेहारा नावाचा जपानी खेळाडू, त्याच्या गड्याची, केनची, लाइफ संपत आलेली; हँडल मागं ओढून मार अडवला, म्हणजे नुसता ब्लॉक केला, तरी मरेल इतकी. समोर जस्टिन वाँगची चुन-ली, पंधरा लाथांचा मारा. दाइगोनं प्रत्येक लाथेला हँडल पुढं टोचून पंधराच्या पंधरा परतवल्या आणि वर जिंकला. पुढं, बरं का, मागं नाही. तिथले लोक ओरडून राहिले होते आणि इकडे मी पण.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

आपल्या मशीनचं डावीकडच्या खेळाडूचं हँडल डावीकडे जात नव्हतं. “उद्या मिस्त्री येनार हाय,” हे मालकाचं दोन वर्षं चाललं. बाकी पोरं त्या हँडलला हात लावत नव्हती, तू मात्र हट्टानं तेच घ्यायचा, आणि गडी घ्यायचा तो योगी बाबा, म्हणजे धालसिम. डावीकडे उभं राहून मागं जाता येईना, म्हणजे ब्लॉकही करता येईना. मग तू त्या बाबाचे लांब हात-पाय ताणून मला जवळच येऊ देत नव्हता. आणि माझा झँगीफ पहेलवान! त्याच्याजवळ गोळा नाही, काही नाही, पकडल्याशिवाय त्याला भाकर नाही.

आणि तुझी ती शेवटची चाल. लाइफ जास्त असली आणि घड्याळात थोडे आकडे उरले, की तू माझ्या डोक्यावरून उडी मारून उजवीकडे जायचा. तिकडे गेलं की मागं म्हणजे उजवीकडे, ते हँडल चालत होतं, ब्लॉक लागत होता. परत यायची सोय मात्र नाही. तसाच दबून बसायचा, वेळ संपेपर्यंत; वेळ संपली की लाइफ जास्त त्याची जीत.

दहावीच्या सुट्टीतली ती गेम. पाच आकडे उरले होते, तू बसलेला. पकडीला ब्लॉक नसतो, हँडल गोल फिरवून मारायची पहेलवानाची गिरकी लागली असती तर तू संपला होता. माझा पहेलवान जागच्या जागी सरळ वर उडला आणि वेळ संपली. मी साऱ्या स्टँडवर सांगत फिरलो, की उजवं हँडलपण बिघडलं, म्हणून हरलो. तू काही बोलला नाही, नुसता भेळीचे पैसे मागितले, आणि मी ते दिले नाहीत.

परवा भाच्यासोबत तेच झालं. नवंकोरं हँडल, आणि पहेलवान वर उडला. हँडल गोल फिरवताना वरच्या बाजूला जरा रेंगाळलं आणि बटनाला उशीर झाला, की तो उडीच घेतो. म्हणजे तेव्हाही हँडल चांगलंच होतं, बंड्या. हात माझा उशिरा फिरला.

भेळीचे पैसे देईन. दिवाळीला ये, वहिनींना आणि पोरीला घेऊन. भाच्यानं ती पेटी इथंच ठेवली आहे, मी आणखी एक मागवून राहिलो. डावीकडचं तुझंच. फक्त ते सगळीकडे जाते, तुला सवय नसेल. म्हणशील तर आतली एक वायर काढून ठेवतो.

तुझा,
पिंट्या