रबिंगचे पॅड आणि कंपाउंड यांची जोडी जुळायला हवी

महोदय,

दसरा जवळ आला की सोलापुरातल्या गॅरेजांपुढे रबिंग-पॉलिशसाठी गाड्यांच्या रांगा लागतात. वाहनपूजेच्या दिवशी झेंडूच्या हाराखाली गाडी चकाकली पाहिजे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु विजापूर रस्त्यावर बत्तीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केल्यानंतर मला खेदाने नमूद करावेसे वाटते, की यांतल्या बऱ्याच गाड्या दसऱ्याला चकाकतात आणि दिवाळीच्या उन्हात त्यांच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागतात. मग ग्राहक कंपाउंडला, म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या कणदार लेपाला, दोष देतो आणि कारागीर गाडीच्या रंगाला. दोष बहुधा दोहोंतही नसतो. कंपाउंडशी न जुळणारे पॅड, म्हणजे लेप फिरवणारी लोकरीची किंवा फोमची गादी, मशीनला लावलेले असते.

या सवयीचे मूळ जुने आहे. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. लोकरीचे पॅड आणि जाड कंपाउंड फिरवले की उन्हाने मेलेला रंग निघे, पॅड गाडीच्याच रंगाचे होई आणि खालचा ताजा रंग वर येई. आमचे हात त्या कामावर तयार झाले. आताच्या बहुतेक गाड्यांत मूळ रंगावर जो क्लिअर कोट असतो, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. गाडीची चकाकी आणि खालच्या रंगाचे उन्हापासूनचे रक्षण या एवढ्याशा थरावर अवलंबून असते. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. दरवर्षी जाड रबिंग करून घेतलेल्या गाडीच्या टपावर पुढे पांढरे चट्टे पडून कोट सुटू लागतो, तेव्हा पूर्ण रंगकामावाचून इलाज उरत नाही.

ओरखडा कंपाउंड काढते आणि पॅड केवळ ते फिरवते, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः पॅडही कापते. लोकरीचा प्रत्येक तंतू स्वतः घासण्याचे काम करतो, त्यामुळे लोकरीचे पॅड जाड कंपाउंडबरोबर सर्वांत वेगाने कापते, मात्र मागे धूसरपणा आणि स्वतःच्या खुणा सोडते. त्याच पॅडवर बारीक पॉलिश घेतले तर पॉलिशचा बारीकपणा वाया जातो, कारण तंतूंचे ओरखडे पडतच राहतात. उलट मऊ फोमवर जाड कंपाउंड घेतले तर ओरखडा लवकर निघत नाही, म्हणून कारागीर मशीन दाबतो, एकाच जागी रेंगाळतो आणि पत्रा तापवतो. म्हणून जाड कंपाउंडला लोकर किंवा कडक फोम, मधल्या पॉलिशला मध्यम फोम आणि शेवटच्या बारीक पॉलिशला मऊ फोम, असा क्रम ठेवावा. अर्थात प्रत्येक गाडीला तिन्ही पायऱ्या लागत नाहीत. आधी सर्वांत सौम्य जोडी दोन फुटांच्या चौकोनात लावून पाहावी आणि तेवढ्याने भागले नाही तरच एक पायरी वर जावे. नखाला अडकणारा ओरखडा मात्र पॉलिशने काढण्याच्या नादी लागू नये. त्याला रंगच लागतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका काळ्या गाडीवर मी लोकरीच्या पॅडने बारीक पॉलिश मारले. शेडमध्ये ती आरशासारखी दिसली. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली मालकाला बॉनेटवर सरकत्या सावल्यांसारखे पट्टे दिसले आणि सकाळी ते माझ्या दारात उभे होते. मऊ फोमने ते काम मला फुकट पुन्हा करून द्यावे लागले. पॉलिशमधील तेलामुळे बारीक ओरखडे तात्पुरते झाकले जातात आणि काही धुण्यांनंतर पुन्हा डोके वर काढतात, हेही मला तेव्हाच समजले. तेव्हापासून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पृष्ठभाग पुसून, उन्हात पाहिल्याशिवाय मी गाडी सोडली नाही.

फोमचा रंग पाहून पॅड निवडणाऱ्यांनीही सावध असावे. एका कंपनीचे नारिंगी पॅड कडक असते, तर दुसरीचे मध्यम. त्यामुळे रंगापेक्षा बोटाने दाबून आणि वेष्टनावरील माहिती वाचून ठरवावे. कंपाउंडचे पॅड पॉलिशला कधीही वापरू नये, कारण आत वाळून बसलेला कण नव्या पॉलिशमध्ये मिसळून ओरखडतो. सोलापूरच्या उन्हात हा धोका अधिक आहे. एप्रिल-मे महिन्यांत रस्त्याकडेला तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड क्षणात वाळते आणि त्याची भुकटी होते. सावली आणि हाताला थंड लागणारा पत्रा नसेल तर मशीन हाती घेऊ नये. रोटरी मशीन मिनिटाला 1000 ते 1500 आवर्तनांपुढे न्यायचे कारण क्वचितच पडते, आणि दाराच्या कडा किंवा बॉनेटची धार येथे तर कोट क्षणात जळतो. नवशिक्याने फिरता फिरता झुलणारे ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावे; त्याने पत्रा कमी तापतो. आणखी एक गोष्ट, जी आपल्या गावात बोलणे थोडे अवघड आहे : सोलापुरी टॉवेलचा मला अभिमान आहे, पण धुऊन कडक झालेल्या टॉवेलने पॉलिश पुसू नये. त्यासाठी मऊ मायक्रोफायबरच हवे.

गॅरेजचालकांना माझी विनंती आहे, की बिलावर नुसते ‘रबिंग-पॉलिश’ न लिहिता कोणते पॅड आणि कोणते कंपाउंड वापरले ते लिहावे आणि एका पायरीचे व दोन पायऱ्यांचे दर वेगळे सांगावेत. ग्राहकांनीही काम सुरू होण्यापूर्वी बॉनेटवर चाचणीचा एक चौकोन करून मागावा. त्याला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. या पत्राला दसऱ्याच्या गर्दीपूर्वी जागा मिळावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त रंगकाम कारागीर, विजापूर रस्ता, सोलापूर