स्लाइड पाहिली कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला 'एकेका पेशीची कुंडली' हा लेख वाचला. एकेका पेशीतला आरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवलेला निरोप, वाचण्याच्या नव्या तंत्रावरचा. लेख बरा आहे, भाषाही सोपी आहे. पण मधोमध चौकट टाकून ठळक अक्षरांत छापलंय, की सुटी पेशी पाहणं माणसाला इतिहासात प्रथमच शक्य झालं. मग सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये उभी नोकरी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काय पाहत होते, तेवढं लेखकमहाशयांनी कळवावं.

1880 साली अल्जेरियात लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने तापाच्या सैनिकाच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला, तोही रक्ताच्या काचेला, म्हणजे स्लाइडला, रंग न लावता. 1910 साली शिकागोच्या हेरिकने कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींची नोंद केली. त्यालाच आपण आज सिकलसेल म्हणतो. मेळघाटातून आलेल्या किती पोरांच्या काचांवर ते कोयते आम्ही पाहिले, त्याचा हिशेब नाही. तेव्हा 'प्रथमच' हा शब्द जरा जपून.

नवीन काय आहे, तेही मान्य करते. 2009 मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत उंदराच्या भ्रूणातल्या एकाच पेशीतला आरएनए वाचला गेला आणि तिथून हे पर्व सुरू झालं. आधी सगळ्या पेशी एकत्र दळून सरासरी काढत. सरासरीत दुर्मीळ पेशी हरवते. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांत चिकट कफ साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक 1989 पासून माहीत होतं, पण उंदराच्या श्वासनलिकेत ते सर्वात जोरात चालतं ते शंभरात एकही भरत नाही अशा आयनोसाइट नावाच्या पेशींत, हे कळायला 2018 उजाडलं. एवढं चांगलं उदाहरण लेखात नाही. त्याऐवजी फळांच्या रसाची आणि फ्रूट सॅलडची उपमा आहे. असो.

आणि एक. पिकलेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. आरएनए वाचणाऱ्या यंत्राला तिथे वाचण्याजोगं फारसं काही सापडत नाही. हिवताप असो की सिकलसेल, तिचा आकार आणि तिच्या पोटात काय बसलंय हे काचेवरच बघावं लागतं. नेमकं तेच आपल्याकडे बंद पडत चाललंय, आणि माझा राग त्याचा आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीच्या मुलाला ताप आला. लॅबचा रिपोर्ट आला, प्लेटलेट 22 हजार. डेंग्यूची एनएस-वन चाचणी निगेटिव्ह, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, पोरगा कॉटवर बसून पोहे खातोय. तरी घरात रडारड. डॉक्टरांनी आयसीयूत हलवायला आणि एसडीपीची, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेटची, पिशवी बघून ठेवायला सांगितलं. मी रिपोर्ट हातात घेतला. खाली छापलेलं: 'प्लेटलेट्स रिड्यूस्ड ऑन स्मिअर', म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरात प्लेटलेट कमी दिसल्या. मी सरळ लॅबमध्ये गेले आणि म्हटलं, ती काच दाखवा.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, आपलं मशीन फाइव्ह पार्ट आहे."

म्हणजे पांढऱ्या पेशी पाच प्रकारांत मोजणारं. म्हटलं, मशीन दहा पार्ट असू दे, स्मिअर कुठाय? तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. काच नव्हतीच! कारण ती केलीच नव्हती. आकडा अमुक खाली गेला की ती ओळ आपोआप रिपोर्टवर पडते, असं शेवटी कळलं. म्हणजे 'स्मिअरवर पाहिलं' हे वाक्य संगणकाने लिहिलं, आणि पाहिलं कुणीच नाही.

दुसऱ्या लॅबमध्ये माझ्या ओळखीची जुनी टेक्निशियन आहे. तिने त्याच जांभळ्या झाकणाच्या बल्बमधल्या रक्ताची स्मिअर ओढली, लिशमनचा रंग लावला, तेलाचा थेंब टाकून लेन्स खाली घेतली आणि मला बोलावलं. स्मिअरच्या शेपटाकडे प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. त्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, आणि काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात. मशीन तो गठ्ठा पांढरी पेशी समजून मोजतं, नाहीतर मोजतच नाही. निळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, ज्यात ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं, परत रक्त घेतलं. प्लेटलेट 1 लाख 80 हजार. पिशवी रद्द, आयसीयू रद्द. पहिल्या लॅबने पैसे परत केले नाहीत, हे सांगायला नकोच.

हा आजार नव्हे, काचेच्या नळीतली गंमत आहे, आणि कोणत्याही पॅथॉलॉजीच्या पुस्तकात ती दिलेली आहे. ती पकडायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. काच, रंग आणि बघणारा माणूस लागतो. त्या माणसाला पगार द्यावा लागतो, ही अडचण असावी.

लेखात लंडन-बोस्टन आलं, पुणे आलं नाही, याचंही नवल वाटलं. 2019 मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुण्यातल्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेला आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राला घेऊन 'मानव' हा प्रकल्प सुरू केला होता. विद्यार्थ्यांकडून शोधनिबंध वाचून घ्यायचे आणि शरीरातल्या ऊतींची माहिती एकत्र बांधायची. परदेशी बातम्यांचा अनुवाद करण्यापेक्षा त्याचं पुढे काय झालं ते विचारायला एखादा बातमीदार पाठवा. या दोन संस्था जिथे आहेत ते पाषाण आणि गणेशखिंड तुमच्या पुणे कचेरीपासून फार लांब नाही.

लेखाखालीच 'संपूर्ण शरीर तपासणी, घरबसल्या, सणाची सवलत' अशी अर्ध्या पानाची जाहिरात होती. तिच्यात चाचण्यांची लांबलचक यादी आहे, मी शेवटपर्यंत वाचली. पेरिफेरल स्मिअर त्यात नाही. जाहिराती छापू नका असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही, पण ज्या रिपोर्टवर 'ऑन स्मिअर' छापलंय त्यावर काच बघणाऱ्याचं नाव आणि सही हवी, आणि मागितली तर काच मिळायला हवी, एवढं तरी तुमच्या अग्रलेखात कधी येऊ द्या. डॉक्टर मंडळींनीही आकडा पेशंटशी जुळत नसेल तर फोन करून विचारावं. पूर्वीचे करायचे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, परतवाडा

ता. क. माणसाच्या शरीरात '37 कोटी' पेशी असतात, असं लेखात छापलंय. अंदाज 37 लाख कोटींचा आहे. एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशीच 50 लाखांच्या आसपास असतात, म्हणजे तुमच्या 37 कोटी दीड थेंबातच संपल्या. दुरुस्ती छापावी, आणि कोड्याच्या उत्तराखाली बारीक टायपात नको.