पहिला सोमवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘वॉर २’ स्वातंत्र्यदिनाला लावूनही का आपटला, तारीख चुकली का, असं तू विचारलं आहेस. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण यशराजच्या हेरपटांच्या तारखा हा माझा जुना छंद आहे हे तुला माहीत असूनही तू विचारलंस. आता भोग.

आधी धंद्याची एक गोष्ट लक्षात घे, कारण तिच्याशिवाय तारखांचा हा सगळा खेळ वेडेपणाचा वाटेल. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं जोरात वाजलं होतं. दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट लागेनात. शेवटी तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्याच्या नेट (म्हणजे कर वजा जाता उरलेल्या) गल्ल्यातला ५० टक्के वाटा निर्माता-वितरकाकडे, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे तेच तिकीट पहिल्या आठवड्यात विकलं गेलं तर निर्मात्याच्या खिशात जास्त पडतं. मग शुक्रवार सोडून बुधवारी किंवा गुरुवारी चित्रपट लावून पहिला आठवडाच लांबवायचा, पुढे एखादी सुट्टी पकडायची आणि जमेल तेवढी गर्दी सुरुवातीलाच ओढून घ्यायची, हे ओघानंच आलं.

‘एक था टायगर’ बघ. १५ ऑगस्ट २०१२, वार बुधवार. रमजान अजून संपायचा होता, पण राष्ट्रीय सुट्टीच्या जोरावर पहिल्या दिवशी सुमारे ३३ कोटी आले. त्यानंतर शनिवार-रविवार आणि सोमवारी २० तारखेला ईद. सलमानच्या चित्रपटाला याहून चांगला आठवडा मागूनही मिळणार नाही. (हे ३३ आणि ‘वॉर २’चे पहिल्या दिवसाचे ५२ शेजारी ठेवून हिशेब करू नकोस. मधल्या तेरा वर्षांत तिकिटं कुठल्या कुठे गेली.)

‘टायगर जिंदा है’ नाताळचा, २२ डिसेंबर २०१७. नाताळची गंमत म्हणजे त्याला शेपूट असतं. शुक्रवारी चित्रपट लागला, सोमवारी २५ तारीख, पुढच्या सोमवारी नवं वर्ष, आणि मधल्या दिवसांत शाळा बंद, अर्धी ऑफिसं सुस्त. पहिले दोन्ही सोमवार सुट्टीचे! भारतात ३३९ कोटींच्या आसपास नेट गल्ला झाला. त्याच शुक्रवारी अंकुश चौधरीचा मराठी ‘देवा’ लागला होता, आणि त्याला पडदे मिळावेत म्हणून मनसेला थिएटरवाल्यांना इशारा द्यावा लागला. मोठ्या चित्रपटाची ‘उत्तम तारीख’ दुसऱ्या कुणाच्या तरी मानेवर बसलेली असते, हे व्यापारविश्लेषक मंडळींच्या लेखांत कधी दिसत नाही.

माझ्या मते या सगळ्यांत तारीख सर्वांत हुशारीनं साधली ती पहिल्या ‘वॉर’नं. २ ऑक्टोबर २०१९, गांधी जयंती, बुधवार. पहिल्या दिवशी ५३ कोटी. सगळे त्या आकड्यावर खूश होते, पण खरी चलाखी पुढे होती. मंगळवारी, ८ तारखेला, दसरा होता. मधल्या सोमवारी चित्रपट २० कोटींच्या आसपास टिकला आणि दसऱ्याला पुन्हा उसळला. म्हणजे पहिला आठवडा लांबला तो लांबलाच, वर त्याच्या पोटात दुसरी सुट्टीही सापडली.

‘पठाण’बद्दल मात्र मी लोकांशी भांडतो. २५ जानेवारी २०२३ चा बुधवार, ५७ कोटी. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, ७० कोटी. लोक म्हणतात, बघा तारखेची कमाल. अरे, ईद नाही, दिवाळी नाही, नाताळ नाही, सगळी मिळून सुट्टी एक. शाहरुख चार वर्षांनी नायक म्हणून परत येत होता आणि समोर दखल घ्यावी असा हिंदी चित्रपट नव्हता. त्या तारखेचं खरं मोल मैदान रिकामं असण्यात होतं. आणि पहिल्या सोमवारी, ज्या दिवशी कसलीही सुट्टी नव्हती, त्या दिवशी चित्रपटानं २५ कोटींच्या वर गल्ला केला. तो सोमवार कॅलेंडरनं दिलेला नव्हता.

आता ‘टायगर ३’. या सगळ्यांत तारखेनं खरोखर कुणाला दगा दिला असेल तर याला. १२ नोव्हेंबर २०२३, रविवार, आणि तोही लक्ष्मीपूजनाचा. दिवाळीचे चित्रपट शक्यतो लक्ष्मीपूजन उरकल्यावर लावतात, कारण त्या संध्याकाळी माणसं पूजेला घरी असतात आणि रात्रीचे शो ओस पडतात. यशराजनं तरीही तो दिवस घेतला. भरीला वर्ल्ड कपमध्ये भारत-नेदरलँड्स सामना त्याच दिवशी. एवढं असून ४४ कोटी आले, म्हणजे लोक यायला तयार होते. सोमवारी तर तो ५९ पर्यंत गेला. मंगळवारी पाडवा, पुन्हा ४४ च्या आसपास. आणि बुधवारी भाऊबीज.

भाऊबीज म्हणजे आपल्याकडे थिएटरवाल्यांचा हक्काचा दिवस. बहिणीकडे जेवायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं. पण त्या दुपारी दोनपासून वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना होता. कोहलीचं पन्नासावं एकदिवसीय शतक आणि शमीचे सात बळी सोडून सलमानकडे कोण जाणार? गल्ला एकदम निम्म्यावर, २१ कोटी. पुढचा रविवार सावरून घेईल म्हणावं, तर त्या रविवारी अहमदाबादला अंतिम सामना. जेमतेम १० कोटी. विश्वचषकाचं वेळापत्रक जूनमध्येच जाहीर झालं होतं. भारत दोन्ही सामन्यांत असेल हे अर्थातच ठरलेलं नव्हतं, पण घरच्या मैदानावर खेळणारा संघ उपांत्य फेरीला पोचेल ही शक्यता धरायला नको होती का?

तरी सगळा दोष क्रिकेटला देऊ नये. अंतिम सामन्यानंतरही चित्रपट उठला नाही. पण निदान त्याच्याबाबतीत कारणांची यादी करता येते.

‘वॉर २’च्या बाबतीत ती करता येत नाही. १४ ऑगस्ट २०२५ चा गुरुवार, शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. पंचांग घेऊन बसलं तरी याहून चांगले सलग चार दिवस सापडायचे नाहीत. पहिल्या दिवशी ५२ कोटी, दुसऱ्या दिवशी ५७. तिसऱ्या दिवशी, सुट्टी चालू असतानाच, ३३. आणि सोमवारी दुहेरी आकडाही नाही. काही जण मुंबईच्या त्या सोमवारच्या पावसावर खापर फोडतात. पाऊस धो धो होता, खरं आहे, पण तो मुंबईत. चित्रपट पडला सगळीकडे.

रजनीकांतच्या ‘कुली’शी एकाच दिवशी टक्कर घेतली हे चुकलंच. ज्युनिअर एनटीआरला घेतलं होतं ते तेलुगू प्रेक्षक मिळावा म्हणून, आणि तिथेच नागार्जुन असलेला ‘कुली’ पडदे वाटून घ्यायला उभा. दोन आठवडे मागेपुढे झाला असता तर दक्षिणेतून आणखी काही कोटी नक्की आले असते. पण हिंदीत? ज्यांना चित्रपट बघायचा होता त्यांनी तो पहिल्या दोन दिवसांत बघितला, आणि बाहेर येऊन घरच्यांना काय सांगितलं ते शनिवारी दिसलं. सुट्टीनं उलट नुकसान केलं असं मला वाटतं: एवढे लोक एकदम आले की वाईट बातमीही तेवढ्याच झपाट्यानं पसरते. साध्या शुक्रवारी लागला असता तर पहिला दिवस ३० चा झाला असता, आणि सोमवार हाच आला असता.

तुला पटणार नाही, माहीत आहे. तू अजूनही ‘वॉर’च्या नायकाचे, हृतिकचे, दिवस धरून बसला आहेस. लिही सविस्तर, आणि या वेळी आकडे घेऊन भांड.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक