स्वतःचा जीव वाचवणारा आरोपी कसा?

संपादक महोदय,

स्वसंरक्षणासाठी हात उचलणाऱ्याला कायद्याने पाठीशी घालायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. रात्री दोन वाजता कडी तुटल्याचा आवाज येतो, अंधारात समोर कोणीतरी उभं असतं, मागच्या खोलीत पोरं झोपलेली असतात आणि हाताला जे लागेल ते उचलून माणूस मारतो, आता त्या दोन सेकंदात त्याने फटका किती जोरात मारायचा हे मोजत बसायचं का? नंतर कोर्टात शांतपणे बसून ‘एवढं मारायची गरज होती का’ विचारणं फार सोपं असतं हो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही, भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये हा हक्क स्पष्ट दिलाय, सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तर वेळप्रसंगी जीव जाईपर्यंत प्रतिकाराची मुभा आहे. पण खटल्यात आपण बचावच करत होतो हे दाखवायची जबाबदारी आरोपीवरच येते! अमेरिकेतल्या फ्लोरिडात 2017 पासून खटल्याआधीच्या सुनावणीत हा बोजा सरकारी पक्षावर टाकलाय. तसं इथेही करा, आणि निदान अटकेआधी तरी स्वसंरक्षणाचा मुद्दा नीट तपासा. सूड उगवणाऱ्याला, पळणाऱ्याच्या मागे धावून मारणाऱ्याला अजिबात सूट नको, तो बचाव नव्हेच. पण जो फक्त आपल्या माणसांसाठी उभा राहिला त्याला वर्षानुवर्षं तारखांना का पळवता?

– एक वाचक