बाबांची फेरी आणि आईचं आसन

पुणे, रविवार सकाळ

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल रात्री साडेदहाला सुखरूप पोचले. खर्ड्याची बरणी फुटली नाही. फोनवर आपण रोज बोलतो, पण तुमच्या तब्येतीचा विषय मी काढला की बाबा "बरं बरं, जेवलीस का?" म्हणतात आणि बोलणं तिथंच थांबतं. म्हणून सगळं एकदा कागदावर लिहून पाठवते.

आई, गुरुवारी संध्याकाळी जप संपवून तू उठलीस आणि देवघराची चौकट घट्ट धरलीस, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. "मुंग्या आल्यात गं पायाला, काही नाही," असं म्हणून तू हसलीस. मला मात्र रात्रभर तेच दिसत होतं. पाऊण तास मांडी घालून बसलं की पाय बधिर होतात. त्यात झटकन उभं राहिलं की रक्त पायाकडे उतरतं आणि रक्तदाब क्षणभर खाली येतो. तरुणपणी शरीर तो लगेच सावरतं, वय झालं की त्याला वेळ लागतो. डोळ्यांपुढे अंधारी आणि खाली बधिर पाय, असं दोन्ही एकाच वेळी झालं आणि हाताशी चौकट नसली तर? हा विचार काही केल्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांबरोबर रंकाळा तलावावर गेले. बाबा, तुमची चाल अजून माझ्यापेक्षा जलद आहे. संध्यामठ समोर दिसत होता, पाण्यावर धुकं होतं, आणि तुम्ही पेन्शनच्या फरकाबद्दल आणि काकांच्या वाटणीबद्दल बोलत होता. तासाभरात एकदाही पाण्याकडे पाहिलं नाहीत. पाय रंकाळ्यावर आणि तुम्ही तलाठ्याच्या दारात. रात्री दोनला उठून सोप्यात अंधारात बसता, तेही आईनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

तेव्हापासून वाटतंय की तुम्हा दोघांकडे एकाच गोष्टीचा अर्धा-अर्धा भाग आहे. आईकडे बसणं आहे, पण शरीर हलत नाही. बाबांकडे हालचाल आहे, पण मन तिथं नसतं. हे दोन्ही एकत्र आणायचं, एवढंच मला सांगायचंय.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मला रात्री अचानक छातीत धडधडायचं, हात गार पडायचे. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही पहिल्या एसटीनं निघाला असतात. डॉक्टरांनी हृदय नीट आहे म्हणून सांगितलं आणि ध्यान करून बघ म्हणाले. मी डोळे मिटून बसायचे आणि धडधड आणखी मोठी ऐकू यायची. पाचव्या मिनिटाला उठून जायचे. शेवटी एका वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी मला बसूच दिलं नाही. "आधी चाल," म्हणाल्या. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टाच उचलते, पाऊल पुढे जातं, तळवा टेकतो, एवढंच बघत. तीन आठवडे नुसतं चालले आणि हात वर-खाली करत श्वास पाहिला. मग एक दिवस बसले आणि वीस मिनिटं कधी झाली कळलं नाही. घाबरलेल्या मनाला "शांत हो" म्हटलं की ते ऐकत नाही. त्याला धरायला काहीतरी लागतं. हलणारं शरीर हातात सहज सापडतं, श्वास तितका लवकर सापडत नाही.

यात नवं काहीच नाही, असं आता वाटतं. पतंजलींनी आठ अंगं सांगितली त्यात आसन, प्राणायाम आधी आणि ध्यान सातवं आहे. बोधगयेला महाबोधी मंदिराला लागून चंक्रमणाची, म्हणजे चालत ध्यान करण्याची, जागा आहे. ज्ञान झाल्यावर बुद्धांनी तिसरा आठवडा तिथं चालत ध्यान करण्यात घालवला, असं परंपरा सांगते. आणि १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जॉन काबाट-झिन यांनी दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, त्यातही पडून अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष देणं, सावकाश योगासनं आणि बैठं ध्यान हे तिन्ही होतं. माझ्या बाईंचा वर्ग त्याच धर्तीचा होता.

पण बाबा, तुम्हाला अमेरिकेची गरज नाही. तुम्ही तालमीत वाढलात. जोर मारताना श्वास तुटला की वस्ताद पाठीवर थाप मारून पहिल्यापासून मोजायला लावायचे, हे तुम्हीच सांगितलंय ना? कुस्तीच्या हौद्यात समोरच्याचा हात कुठं सरकतोय यावरून लक्ष हटलं तर माणूस चितपट. ते लक्ष तुमच्या अंगात मुरलेलं आहे. फक्त ते रंकाळ्यावर आणायचंय. रोजच्या फेरीतला थोडाच भाग, पदपथ उद्यानापाशी पोचलात की तिथून दहा मिनिटं, बोलणं बंद आणि चाल निम्मी. टाच, तळवा, चवडा. वाटणीचा विचार येईल, येऊ दे. तो आला हे कळलं की परत टाचेवर या. कितीही वेळा.

आई, तुझ्याकडे प्रदक्षिणा आहे. प्रदक्षिणा कशी घालावी याचं एक जुनं वचन मला फार आवडतं: दिवस भरलेली बाई डोक्यावर तेलानं भरलेला घडा घेऊन जशी सावकाश चालते, तशी. याहून चांगलं चालतं ध्यान कोण शिकवणार? शुक्रवारी अंबाबाईला जातेस तेव्हा गर्दीमुळे जमणार नाही, म्हणून घरी सोप्यातच कर.

रोजचा क्रम मी असा सुचवते. जपाआधी भिंतीपाशी उभी राहा, गुडघे ताठ ओढू नकोस, शरीराचा भार आधी एका पायावर मग दुसऱ्या पायावर सोड आणि तळव्याला काय जाणवतं ते बघ. मग श्वास घेत हात वर, सोडत खाली, सातआठ वेळा. मग सोप्यात सहा-सात चकरा, तेलाच्या घड्यासारख्या. आणि मग खुर्चीवर बसून जप. मांडीचा हट्ट सोड गं आई. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, इतकंच पतंजली सांगतात. मांडीच घातली पाहिजे असं ते म्हणत नाहीत, आणि तुझ्या गुडघ्यांना मांडीत सुख नाही. उठताना आधी पायांची बोटं हलव, घोटे फिरव, खुर्चीचा हात धर, मनात दहा आकडे मोज आणि मग पाऊल टाक. उठणं हासुद्धा जपाचाच भाग समज.

आपला तोल डोळे, आतला कान आणि पायांतून-सांध्यांतून मेंदूला जाणारी खबर, या तिन्हींवर उभा असतो. वयानं तिन्ही मंद होतात. सावकाश, लक्ष देऊन चाललं की निदान तिसऱ्याचा सराव रोज होतो. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीच्या पुढच्या माणसांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. बाबांचं रोजचं चालणं चांगलंच आहे, पण नुसत्या चालण्यानं ते भरून निघत नाही. म्हणून बाबा, खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा, दहा वेळा. बैठका मारायचात तसंच, फक्त उतरताना घाई नाही. श्वास अजिबात कोंडायचा नाही, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे. डोकं खाली, पाय वर असलं काही टीव्हीवर बघून करायचं नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे सगळं दाखवा, हे पत्रच न्या हवं तर.

चालून आल्यावर तुम्हीही आईशेजारी दहा मिनिटं बसा. जप नको असेल तर नुसता श्वास बघा. रात्री दोनला जाग आली तर सोप्यात अंधारात बसून हिशेब करू नका. दिवा लावा, चार चकरा टाका, तळवा फरशीला लागतो तो गारवा बघा, मग पलंगावर पडून पायाच्या बोटांपासून वरपर्यंत एकेक अवयव सैल सोडा. झोप येईलच असं नाही. पण ती वेळ काकांच्या वाटणीत तरी जाणार नाही.

नोव्हेंबरमध्ये अंबाबाईच्या किरणोत्सवाला येतेय, रजा टाकली आहे. तोवर सोप्यातला तो घसरता गालिचा गुंडाळून माडीवर ठेवा आणि देवघराजवळ हाताची खुर्ची आणून ठेवा, परड्यातली जुनी चालेल. आज संध्याकाळी सातला फोन करते. दोघांनी फक्त एवढंच सांगायचं, आज पावलांना काय जाणवलं.

तुमची लेक